माशी बसली म्हणजे झाड कामाचं, असं नाही

मधमाशीला उपयोगी झाडं ओळखायला शिकायचं म्हणून बहुतेक जण वही घेऊन थेट रानात शिरतात. महिन्याभरात पन्नास नावांची यादी तयार होते आणि त्यातली निम्मी फसवी निघते. झाडाचं नाव बरोबर असतं, माशी त्या फुलावर बसलेलीही डोळ्यांनी पाहिलेली असते. पण ती तिथून काय नेत होती, किती नेत होती, की नुसतं चाचपून पुढे गेली, हे पाहायचं राहिलेलं असतं. म्हणून आम्ही क्रम उलटा केला: आधी पेटीचं दार, मग झाड आणि शेवटी सूक्ष्मदर्शक. मुळशीच्या डोंगरपट्ट्यात सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी पाळीव मधमाशीच्या, चार पेट्या मध्यभागी धरून वर्षभर हे काम केलं.

दारावरचं काम सकाळी साडेसात ते साडेनऊच्या दरम्यान. दारासमोर बसायचं नाही, येण्याजाण्याचा रस्ता अडतो आणि माश्या चिडतात. बाजूला हातभर अंतरावर बसायचं. घड्याळ लावून पाच मिनिटं फक्त आत येणाऱ्या माश्या मोजायच्या, दोन रकान्यांत. मागच्या पायांवर परागाची गोळी असलेल्या एका रकान्यात, नसलेल्या दुसऱ्यात. गोळी नसलेली, पोट फुगलेली आणि फळीवर जरा जड उतरणारी माशी बहुधा मकरंद घेऊन आलेली असते. पाणी आणणारीही तशीच दिसते, त्यामुळे भर उन्हाळ्यात हा रकाना जपून वाचावा लागतो.

गोळीचा रंग लिहिताना नुसतं ‘पिवळा’ लिहून काही हाती लागत नाही. रंगाच्या दुकानात भिंतींच्या रंगांचं जे शेडकार्ड मिळतं, ते आणून त्यावरचा आकडाच वहीत लिहायचा. एक गोष्ट मात्र सुरुवातीला सगळ्यांनाच चकवते: पराग पायावर बांधताना माशी त्यात मकरंद कालवते, त्यामुळे गोळीचा रंग परागकोशावरच्या पावडरीपेक्षा गडद होतो. फुलाशी जुळवायचा असेल तर परागकोश बोटावर चोळून त्यात मधाचा बारीकसा थेंब मिसळायचा आणि मग शेडकार्डाशेजारी धरायचा. कोरडी पावडर आणि ओली गोळी यांची तुलना करून आम्ही एकाच झाडाची दोन झाडं केली होती.

ऑगस्टच्या शेवटी दारावर एक वेगळंच दृश्य दिसतं. माशीच्या पाठीवर, पंखांच्या मध्ये, चुन्याचं बोट ओढावं तसा पांढरा पट्टा असतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला रोग वाटतो, कुणाला पेटीत बुरशी धरल्यासारखी वाटते. तो तेरड्याचा पराग असतो. तेरड्याचं फूल हातात घेऊन पाहिलं की उलगडा होतो: मकरंद मागच्या बारीक शेपटीसारख्या नळीत असतो आणि परागकोश तोंडाशी वरच्या बाजूला, छताला लटकवल्यासारखे. माशी डोकं आत खुपसते तेव्हा पाठ छताला घासते. पाठीच्या मध्यावर तिचे पाय नीट पोचत नाहीत, म्हणून पट्टा तसाच राहतो. असा पट्टा दिसला की किलोमीटरभरात तेरडा फुललाय हे पेटीपाशी बसूनच कळतं.

गोळी तपासायला हवी असेल तर माशी काचेच्या छोट्या बाटलीत पकडायची, बाटली तीन-चार मिनिटं बर्फावर ठेवायची, माशी सुस्तावली की सुईने गोळी अलगद सोडवायची आणि तिला उन्हात ठेवायचं. मिनिटाभरात उडून जाते. एका फेरीत माशी सहसा एकाच जातीच्या फुलांवर फिरते, म्हणून एक गोळी म्हणजे बहुतेक वेळा एक झाड. दोन रंगांची गोळी क्वचित सापडते; ती वेगळी ठेवावी. दाराला लावायची, माशीच्या पायावरची गोळी झाडून घेणारी पराग-जाळी मेलिफेरासाठी (परदेशी पाळीव माशीसाठी) बनवलेली असेल तर सातेरीला निरुपयोगी. सातेरी अंगाने लहान, ती गोळीसकट आत शिरते. बारीक भोकांची जाळी मिळाली तरी एक-दोन तासांपलीकडे ठेवू नये. सातेरीला सततची छेडछाड खपत नाही, वसाहत पेटी सोडून निघून जाते.

आता रान. सातेरीचा पल्ला साधारण एक किलोमीटरचा धरून चालावं. नकाशावर पेटीभोवती तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर क्षेत्र भरतं ३१४ हेक्टर. एवढं सगळं पायाखाली घालणं होत नाही, म्हणून चार दिशांना चार वाटा ठरवून टाकल्या: एक ओढ्याकडे, एक भातखाचरांच्या बांधावरून, एक गावातून परसबागांच्या कडेने आणि एक डोंगराच्या उतारावर. दर पंधरा दिवसांनी याच वाटा, याच क्रमाने. ‘जमेल तेव्हा’ जाणाऱ्याची वही कायम रविवारच्या निरीक्षणांनी भरते आणि आठ-दहा दिवसच फुलणारी झाडं त्यातून निसटतात. राखीव जंगल किंवा अभयारण्याचा भाग वाटेत येत असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी; तिथलं पान तोडायलाही ती लागते.

नावांचा घोळ हा स्वतंत्र विषय आहे. गावातल्या जाणत्या माणसाला विचारून नाव लिहिणं हाच पहिला आणि चांगला मार्ग, पण नावाबरोबर झाडाचं वर्णन लिहिलं नाही तर पुढे गोंधळ ठरलेला. ‘कुंभा’ म्हटलं की कुणी गुडघाभर उंचीची, पांढऱ्या फुलांची द्रोणपुष्पी दाखवतं, तर कुणी उन्हाळ्यात पांढऱ्या-गुलाबी केसरांचे झुपके येणारा मोठा वृक्ष. अंजन आणि अंजनी ही नावं ऐकायला जुळी, झाडं अगदी वेगळी: अंजन कोरड्या पानझडी रानातला वृक्ष, अंजनी सह्याद्रीच्या माथ्यावरचं ठेंगणं झाड, फांदीला चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ येणारं. सोनकी म्हणून तर पावसाळ्याअखेरची कुठलीही पिवळी डेझीसारखी फुलं खपून जातात. म्हणून प्रत्येक झाडाला आमचा एक क्रमांक, नाव नंतर.

नमुना घेताना फूल, कळी, जमलं तर फळ आणि किमान तीन-चार पानं असलेली डहाळी हवी. वर्तमानपत्राच्या घडीत ठेवताना एक पान पालथं ठेवावं, म्हणजे मागची लव आणि शिरा दिसतात. फुलाचा रंग, वास, देठ तोडल्यावर चीक येतो का, झाडाची उंची आणि साल हे जागेवरच लिहायचं. वाळल्यावर यातलं काही उरत नाही. पहिले चार दिवस कागद रोज बदलायचा. पावसाळ्यात एवढ्यानेही बुरशी धरते, तेव्हा कागद इस्त्रीने कोरडे करून घ्यायचे किंवा प्रेस (नमुने दाबून ठेवायची चौकट) साठ वॉटच्या जुन्या बल्बजवळ ठेवायचा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आहे. तिथल्या नमुन्यांशी ताडून पाहायचं असेल तर नुसता फोटो नेण्यात अर्थ नाही, वाळवलेली डहाळी न्यावी.

झाड सापडलं, त्यावर माशी आहे. आता दहा मिनिटं हलायचं नाही. एक फांदी किंवा झुडपाचा एक चौरस मीटर भाग ठरवायचा आणि त्यावर येणाऱ्या माश्या मोजायच्या. सातेरी आणि आग्या, फुलोरी या रानमाश्या वेगवेगळ्या. मग एका माशीचा पाठलाग करायचा. ती सोंड पुढे काढून फुलाच्या बुडाशी जाते का? जात असेल तर मकरंद. केसरांवरून चालत, पायांनी भराभर ओरबाडत, मध्येच हवेत तरंगत पाय घासते का? मग पराग. दोन्ही करत असेल तर दोन्ही. वहीत म, प, मप अशी अक्षरं. फुलावर अर्धा सेकंद टेकून निघाली आणि हे सलग पाच-सहा फुलांवर झालं, तर तिथे तिला काही मिळत नाहीये. ही नोंद मोजणीत धरायची नाही.

वेळेची नोंद इथे जिवापाड महत्त्वाची. मक्याच्या तुऱ्यावर सकाळी माश्यांची झुंबड असते आणि दुपारी तेच शेत ओसाड वाटतं. मक्याला मकरंद नाहीच, सकाळी सुटणारा पराग तेवढा न्यायचा असतो. तिळाचं फूल भल्या पहाटे उमलतं आणि संध्याकाळी गळून पडतं. बोरीच्या तर काही जाती सकाळी फुलतात, काही दुपारी. एकाच वेळी जाऊन ‘या बोरीवर माश्या येत नाहीत’ असा शेरा मारणं सोपं आहे, आणि चुकीचं. त्यामुळे नवीन झाड यादीत घेण्याआधी त्यावर सकाळी आठला, अकराला आणि दुपारी चारला अशा तीन बैठका आम्ही सक्तीच्या केल्या.

फसवणाऱ्या झाडांची यादी मूळ यादीपेक्षा जास्त शिकवते. टाकळ्याने पावसाळ्यात माळ पिवळा होतो, पण त्याच्या फुलात मकरंद नाही आणि परागकोश टोकाच्या छिद्रातूनच रिता होतो. भुंगा फुलाला धरून घूं घूं करत पंखांचे स्नायू थरथरवतो तेव्हा पराग झडतो; मधमाशीला ते जमत नाही, ती भुंग्याने सांडलेलं वेचते. वांग्याचंही तेच. घाणेरीवर फुलपाखरांची गर्दी असते म्हणून ती यादीत घुसते. तिच्या फुलाची नळी साधारण सेंटिमीटरभर लांब आणि सातेरीची जीभ जेमतेम पाच मिलिमीटर. हिशेब तिथेच संपतो. पळसाचं फूल मिटलेल्या चोचीसारखं असतं, ते उघडतात शिंजीर आणि साळुंक्या. माशी मागाहून येऊन उरलंसुरलं घेते. आफ्रिकेतून आलेल्या पिचकारीच्या झाडाखाली पडलेली फुलं उघडून पाहिली तर आत मेलेल्या माश्या सापडतात. रस्त्याकडेला शोभेसाठी ते लावणाऱ्यांनी हे एकदा तरी पाहावं.

उलट प्रकारही आहे, जिथे फुलाशिवाय चारा असतो. कापसाच्या पानाच्या मागे मधल्या शिरेवर आणि बोंडाच्या बुडाशी मकरंदाच्या ग्रंथी असतात. एरंडाच्या पानाच्या देठावर बारीक पुटकुळ्या असतात, त्याही रस देतात. माशी पानावर चाटताना दिसली की आधी पान उलटून पाहायचं. मावा असेल तर ती त्याचा चिकटा गोळा करत असण्याची शक्यता असते. तो वेगळा लिहायचा.

‘भरपूर मकरंद’ हा शेरा मापाशिवाय लिहायचा नाही असं ठरल्यावर काम कष्टाचं झालं. आदल्या संध्याकाळी कळ्यांच्या डहाळीवर मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधायची. मलमल वापरली तर आत दमट होतं आणि मकरंद पातळ भरतो. सकाळी पिशवी काढून पाच मायक्रोलिटरची काचेची केशनळी फुलाच्या बुडाशी टेकवायची. रस आपोआप चढतो. फूल दाबायचं नाही, पेशींचा रस मिसळतो. नळीची किती लांबी भरली त्यावरून घनफळ निघतं. लहान फुलांत एका फुलाने नळी ओलीही होत नाही. दहा फुलं एकत्र करून भागावं.

गोडी मोजायला द्राक्ष बागायतदारांकडे असतो तो ० ते ३२ ब्रिक्सचा (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे टक्के) रिफ्रॅक्टोमीटर सकाळच्या कामाला चालतो, पण दुपारी मकरंद आटून ३२ च्या पलीकडे जातो, म्हणून ० ते ५० चा घेतलेला बरा. मध तपासायचा रिफ्रॅक्टोमीटर ५८ च्या आसपास सुरू होतो. त्यावर मकरंद ठेवला तर पट्टी नुसती निळी दिसते, आणि आपल्याला वाटतं यंत्र बिघडलं. पंधरा टक्क्यांच्या खालचा मकरंद माशी सहसा घेत नाही. तीस ते पन्नासच्या दरम्यानच्या फुलांवर ती हटून बसते. दव पडलेल्या सकाळी उघड्या फुलांचं माप घेऊच नये.

सूक्ष्मदर्शकाशिवाय हे सगळं अंदाजावर राहतं. झाडाच्या परागाची स्लाइड एकदा तयार झाली की दारावरची गोळी आणि पोळ्यातला मध दोन्ही तिच्याशी ताडता येतात. त्यासाठी पराग काचेवर बसवायची ग्लिसरीन जेली घरी बनते: साधं जिलेटिन ५ ग्रॅम, शुद्ध पाणी १७.५ मिली, ग्लिसरीन १५ मिली, फिनॉल ०.७ ग्रॅम आणि कण रंगवायला सुईच्या टोकावर मावेल एवढं बेसिक फ्युक्सिन. जिलेटिनच्या जागी चायना ग्रास चालत नाही. जिलेटिन पाण्यात दोन तास भिजवायचं, भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळवायचं, मग बाकीचं घालून पातळ कापडातून गाळायचं. उकळी येऊ द्यायची नाही. उकळलेली जेली नंतर धरत नाही. फिनॉल कातडी भाजतं, हातमोजे हवेतच.

स्लाइडसाठी पराग उमललेल्या फुलातून घ्यायचा नाही. त्यात माशीने आणलेला दुसऱ्या फुलाचा पराग असतो आणि मग आपली प्रमाण-स्लाइडच खोटी होते. आज-उद्या उमलेल अशी कळी घ्यावी, परागकोश स्लाइडवर ठेवून स्पिरिटच्या एका थेंबात सुईने फोडावा, साल उचलून टाकावी. कडेला तेलकट वर्तुळ उमटतं, ते कापसाने पुसावं. स्पिरिट उडालं की ज्वारीच्या दाण्याएवढा जेलीचा तुकडा वर ठेवून स्लाइड हलकी गरम करावी आणि झाकणाची पातळ काच एका कडेने टेकवत खाली सोडावी. सपाट सोडली की बुडबुडे अडकतात, आणि नवशिक्याला बुडबुडा हाच सर्वात सुबक परागकण वाटतो. दोन दिवसांनी कडा नेलपॉलिशने बंद. झाडाचा क्रमांक आणि तारीख त्याच क्षणी. ‘नंतर लिहू’ म्हणून ठेवलेल्या स्लाइडी फेकाव्या लागतात. जेलीत कण हळूहळू फुगतात, म्हणून मापं घ्यायची तर पहिल्या काही आठवड्यांतच घ्यावीत.

चारशे पटीत पाहिलं की काही कुळं लगेच ओळखू येतात. कोथिंबिरीचा कण डंबेलसारखा, मध्ये बारीक. बाभळीचा एकटा कण दिसतच नाही, सोळा-सोळाचा चेंडू दिसतो. मका हा भला मोठा, गुळगुळीत, एकाच छिद्राचा गोळा, ८० ते १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तेरडा चौकोनी उशीसारखा. कारवीचा लांबट, अंगभर उभ्या पट्ट्यांचा, एकदा पाहिला की विसरत नाही. जांभूळ अगदी लहान, तिकोनी. निलगिरीही तिकोनी, किंचित मोठी. हे दोन्ही एकाच कुळातले, आणि भोवताली निलगिरीची लागवड असेल तर इथे डोळ्यांवर भरवसा न ठेवता मोजपट्टीचं भिंगच लावावं लागतं. सोनकी, कारळा, सूर्यफूल, एकदांडी ही सगळी काटेरी गोळ्यांची मंडळी. ‘सूर्यफुलाच्या कुळातला’ एवढंच लिहून थांबायला शिकलं पाहिजे.

मधाची तपासणी याच धाग्याने पुढे जाते. दहा ग्रॅम मध वीस मिली कोमट पाण्यात विरघळवायचा, मिनिटाला २५०० फेऱ्यांच्या वेगाने दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज करायचा (गरगर फिरवून गाळ तळाला बसवायचा), वरचं पाणी ओतून टाकायचं, पुन्हा पाणी घालून पाच मिनिटं फिरवायचं. तळाच्या गाळाची स्लाइड. किमान तीनशे कण मोजायचे. एका झाडाचे पंचेचाळीस टक्क्यांहून जास्त असतील तर तो मध त्या झाडाचा म्हणायची पद्धत आहे. पण आकड्याने फसू नये. लाजाळूचा पराग इतका बारीक की चार कणांची जुडीसुद्धा दहा मायक्रॉनच्या आत मावते. सकाळी तासभर माश्या त्यावर गेल्या तरी स्लाइड त्यानेच भरते, मकरंदाशी तिचा काही संबंध नसताना. लिंबू-संत्र्याचं उलटं, मकरंद भरपूर आणि पराग कमी. दारावरच्या ‘प’च्या नोंदी शेजारी ठेवल्या तरच मधातले आकडे वाचता येतात.

वर्षाअखेरीस चोवीस फेऱ्यांच्या नोंदी एका मोठ्या कागदावर उतरल्या: उभ्या बाजूला झाडं, आडव्या बाजूला पंधरवडे. जानेवारीत सावर, शेवगा, उंदीरमारी. मार्चपासून अंजनी, मग जांभूळ, गेळा, हिरडा, करंज. मधाचा खरा हंगाम हाच. मेअखेर चिंच आणि ऐन. ऑगस्टनंतर तेरडा, सोनकी, किंजळ, पुढे कारळा आणि रानतुळस. कारवीची ओळ मात्र रिकामीच ठेवली आहे. ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि प्रत्येक डोंगराचं वर्ष वेगळं; मुंबईच्या डोंगरांत २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. आपल्या उतारावरचं वर्ष गावातल्या वयस्कर माणसांना विचारून लिहून ठेवावं लागतं.

कागदावर जुलैचे दोन्ही रकाने जवळजवळ कोरे होते. पेट्यांना साखरेचा पाक सुरू होता, तरी उघडीप मिळाली की माश्या फिक्या पिवळ्या गोळ्या आणत होत्या आणि चारही वाटांवर त्या रंगाचं फूल सापडत नव्हतं. गोळी स्लाइडवर घेतली: मोठे, गुळगुळीत, एका छिद्राचे कण. मका. तो आमच्या एकाही वाटेवर नव्हता; गावाच्या पलीकडे, वर्तुळाच्या अगदी कडेला, दोन गुंठे जागेत कुणीतरी कणसांसाठी लावला होता. पाचवी वाट तिथून काढली.